अंघोळीला नकार, झोपेची गोळी आणि अर्ध्या पानाचा प्लॅन

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई ७९ वर्षांच्या, डिमेन्शिया (विस्मरणाचा आजार), आठ महिन्यांपासून पुण्यातल्या एका केअर सेंटरला, तुम्ही ठाण्याला आणि पंधरा दिवसांतून एकदा जाता. गेले दोन महिने अंघोळीच्या वेळी आरडाओरडा चालू झालाय, अंघोळ घालणाऱ्या एका मावशींच्या हाताला चावल्या, सेंटरवाले म्हणतात आम्ही एक दिवसाआड घालतो आणि तीही दोघीतिघींनी धरून, नाहीतर डॉक्टरांना सांगून हलकी गोळी चालू करू, आणि केस बारीक करायची परवानगी द्या. तुम्ही गेलात की अंगाला वास येतो. भाऊ म्हणतो सेंटर बदल. आणि तुम्ही विचारताय की रोज अंघोळ झालीच पाहिजे असं आपण त्यांना ठणकावून सांगू शकतो का.

सांगू शकता, पैसे भरताय. पण सांगितलंत तर काय होईल ते मी सांगते, कारण मी त्या बाजूला उभी असते. रोज दोघीतिघी धरतील, चार्टवर रोज टिक येईल आणि आई अजून जास्त चावायला लागतील. मी नर्स आहे, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केल्यावर नऊ वर्षं हॉस्पिटलला वॉर्ड केले, त्यानंतर पंधरा वर्षं वृद्धांच्या सेंटरमध्येच आहे, आता माझं मुख्य काम ड्युट्या लावणं आणि नवीन मावशींना शिकवणं. चावे मीही खाल्लेत, एकदा तर अख्खा तांब्या डोक्यात बसलाय.

आधीच सांगते की मी आईंना बघितलेलं नाही. आजार कुठल्या टप्प्यावर आहे, स्वतः चालतात का, लघवीवर कंट्रोल आहे का, शुगर आहे का, यावर निम्मं अवलंबून असतं. आणि उरलेलं निम्मं एका मावशीकडे किती जण आहेत यावर. पाच-सहा जण असतील तर मी खाली लिहितेय त्यातलं बरंच जमतं, बारा-पंधरा असतील तर मावशी कितीही मायाळू असू दे, ती अंघोळ घालत नाही, अंघोळ उरकते. हा आकडा त्यांना सरळ विचारा, दिवसपाळीचा वेगळा आणि रात्रपाळीचा वेगळा.

आता तुमच्याच मजकुरातली एक गोष्ट, जी तुम्ही ओझरती लिहून पुढे गेलात. आठ महिन्यांतले पहिले सहा महिने आई अंघोळ करत होत्या. म्हणजे सेंटर तेच, आई त्याच, आणि दोन महिन्यांपूर्वी काहीतरी बदललं. रोज का एक दिवसाआड हा प्रश्न बाजूला ठेवा, हे काय बदललं ते शोधा. डिमेन्शियातला माणूस "मला गुडघा दुखतो" असं नाही सांगू शकत, "नको" एवढंच म्हणतो, आणि ऐकलं नाही तर मारतो. त्या "नको" मागे नक्की कशाला नको आहे ते आपण ओळखायचं असतं. पाण्याला, थंडीला, दुखण्याला, कपडे काढायला, का त्या विशिष्ट माणसाला.

म्हणून पहिलं काम डॉक्टर, आणि गोळीसाठी नाही. अचानक बिघडलेली वागणूक म्हटल्यावर लघवी तपासायची, पोट साफ होतंय का बघायचं, दात आणि हिरड्या बघायच्या, गुडघे-कंबर-खांदा हलवून बघायचं, आणि मधल्या काळात कुठलं औषध नवीन चालू झालंय का ते. खांदा जखडलेल्या बाईचा हात ब्लाउज काढायला वर उचलला तर ती ओरडणारच, तिला वेड लागलेलं नाहीये. आमच्याकडे एक आजी होत्या, त्यांचं सगळं भांडण डाव्या हाताची बाही काढतानाच व्हायचं, एवढं एक निरीक्षण एका मावशीने केलं आणि पुढून बटणं असलेला गाऊन आल्यावर निम्मा त्रास संपला. गुडघेदुखी असेल तर अंघोळीच्या तासभर आधी साधी पॅरासिटामॉल द्यायची का हे डॉक्टरांना विचारा, खूप ठिकाणी हे कोणाला सुचतच नाही आणि थेट शांत करणाऱ्या गोळीवर उडी जाते.

दुसरं, वेळ. तुम्ही लिहिलंय की आई आयुष्यभर पहाटे पाचला अंघोळ करून मगच चहाला हात लावायच्या, आणि सेंटरमध्ये सध्या त्यांचा नंबर दुपारी जेवणानंतर लागतो. हे वाचून मला आमच्याकडची एक बाई आठवली, आता नाहीत त्या, कोल्हापूरकडच्या होत्या. त्यांनाही आम्ही दुपारी न्यायचो कारण त्या मजल्याचा नंबर दुपारी यायचा. बाथरूमच्या दारात गेल्या की विचारायच्या, "कोण गेलं?" आम्हाला वाटायचं कोण गेलं म्हणजे आत्ता बाथरूममधून कोण बाहेर गेलं, म्हणून आम्ही आपलं सांगायचो की शेजारच्या आजी गेल्या, आणि त्या मोठ्याने रडायला लागायच्या. दोन-तीन आठवडे हे चाललं. मग त्यांची सून भेटायला आली तेव्हा तिने डोक्याला हात लावला, म्हणाली अहो जेवण झाल्यावर अवेळी अंघोळ म्हणजे सुतकाची, कोणीतरी वारल्याची बातमी आली की करायची. आम्ही त्या बाईला दर दुपारी एक मयत सांगत होतो. सकाळी सहाला अंघोळ चालू केली, देवाचा फोटो समोर ठेवून "आंघोळ करा, देवाला फूल वाहायचंय" म्हटलं की स्वतः उठायच्या.

तुमच्या आईंचं हेच असेल असं मी म्हणत नाहीये. पण साठ-सत्तर वर्षांची सवय स्मरणशक्ती गेल्यावरही अंगात राहते, आणि ती सेंटरच्या ड्युटी चार्टला जुळेलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी तर उलटं असतं, रात्रपाळीने आठ वाजता हँडओव्हर द्यायच्या आधी सगळ्यांना पाचपासून उठवून धुऊन काढायचं, त्यात ज्याला आयुष्यभर आठला उठून अकराला अंघोळ करायची सवय त्याचे हाल. तुमच्या आईंच्या बाबतीत ही पहाटेची पद्धत उलट फायद्याची ठरेल, रात्रपाळीला एक चांगली मावशी असेल तर साडेपाच-सहाचा स्लॉट मागा, बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत कारण त्यांची दुपारची गर्दी कमी होते.

आता अंघोळ घालायची कशी. आईंच्या पिढीतल्या बायका बादलीतून तांब्याने, पाटावर किंवा स्टुलावर बसून, परकर छातीवर बांधून अंघोळ करायच्या. कोणासमोर पूर्ण उघडं होणं त्यांनी आयुष्यात केलेलं नसतं. सेंटरमध्ये काय होतं, टाइल्सच्या मोठ्या बाथरूममध्ये, दोन अनोळखी बायका, सगळे कपडे एकदम काढायचे, आणि वरून शॉवर. डिमेन्शियात वरून अचानक डोक्यावर पाणी पडलं की हल्ला झाल्यासारखं वाटतं. गडद रंगाची मॅट जमिनीवर असेल तर ती खड्डा वाटते, पाय पुढे टाकतच नाहीत. आरशात दिसणारी म्हातारी परकी बाई वाटते, म्हणजे तिसरी कोणीतरी बघतेय. थंडी तर असतेच, या वयात कातडीखालची चरबी कमी झालेली असते, आपल्याला उकडतं त्या खोलीत त्या कुडकुडतात.

म्हणून आम्ही काय करतो, बाथरूम आधी गरम पाणी सोडून उबदार करून घेतो, आरसा असला तर त्यावर टॉवेल, खुर्चीच्या सीटवर जाड कपडा कारण थंड प्लॅस्टिक लागलं की तिथेच बिघडतं. गुडघ्यापर्यंत एक मोठा पंचा अंगावर राहू द्यायचा आणि त्याच्या खालून धुवायचं, ओला झाला तर होऊ दे. पायापासून सुरुवात, मग हात, पाठ, आणि डोकं त्या दिवशी नाहीच. न्हाणं आणि अंघोळ या आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्या आज्या-पणज्यांना माहिती होतं, सेंटरमध्ये आल्यावर दोन्ही एकच का होतात कळत नाही. न्हाणं आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. आणि तांब्या त्यांच्या हातात द्यायचा! हा सगळ्यात मोठा उपाय, हातात तांब्या असला की हात मारायला मोकळा राहत नाही आणि निम्म्या बायका आपोआप खांद्यावर पाणी घ्यायला लागतात, शरीराला आठवतं. पाणी कोमट, कोपर बुडवून बघायचं, बोटांनी नाही, कारण मावशींचे हात गरम पाण्याला सरावलेले असतात. आईंना शुगर असेल तर हे फार महत्त्वाचं, पायांना चटका कळत नाही आणि संध्याकाळी फोड दिसतो.

बोलणारी एकच बाई. दोघी लागत असतील तर दुसरीने गप्प राहायचं. आणि "चला अंघोळ करायची" असं जाहीर करायचं नाही. आणि हो, तुम्ही लिहिलंय आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, मग तिथे त्यांना काय हाक मारतात? आजी? चाळीस वर्षं "बाई" ऐकलेल्या माणसाला "आजी चला" म्हटलेलं दुसऱ्याच कोणाला म्हटल्यासारखं वाटतं. "बाई, शाळेची वेळ झाली, आवरायचं ना" म्हणून बघायला सांगा. याला खोटं बोलणं म्हणायचं का यावर आमच्यातच वाद होतात, माझं मत असं की घाबरवणारं खरं सांगण्यापेक्षा ओळखीचं वाक्य बरं, पण घरच्यांना हे पटत नसेल तर मी करत नाही.

एवढं करूनही नको म्हणाल्या तर सोडून द्यायचं, वीस मिनिटांनी परत, शक्यतो दुसऱ्या मावशीने. तरी नको तर त्या दिवशी अंघोळ नाही, पलंगावर बसवून पुसून घ्यायचं. गरम पाण्यात पिळलेले टॉवेल, अंगावर चादर, एका वेळी एक अवयव उघडा, पुसला की झाकला. नीट केलेलं पुसणं घाईत ओतलेल्या अंघोळीपेक्षा स्वच्छ असतं, हे मी मावशींना रोज सांगते आणि नातेवाइकांना पटत नाही, त्यांना बादली लागते.

आता त्या वासाचं. या वयात पूर्ण साबणाची अंघोळ रोज केलीच पाहिजे असं काही नाही, उलट कातडी कोरडी पडून खाज सुटते, नखं लागतात, जखमा होतात. पाण्यात जंतुनाशक लिक्विडचं झाकण ओतायची जी आपली आवड आहे ती तर बंदच करा, आणि कपडे धुतल्यासारखा साबण घासणंही. पण काही जागा रोज धुवाव्याच लागतात, त्यात एक दिवसाआड चालत नाही: तोंड, काखा, छातीखालची घडी, पोटाखालची घडी, जांघा, लघवी-संडासची जागा, पायाच्या बोटांच्या बेचक्या. वास येतो तो इथून येतो. पुढच्या वेळी गेलात की नक्की कुठून येतोय ते बघा, लाजू नका. लघवीचा वास असेल तर डायपरचा प्रश्न आहे, घडीतून आंबूस येत असेल तर तिथे ओल राहून बुरशी झालीय, आणि तोंडाचा असेल तर ती वेगळीच गोष्ट.

डायपरचं सांगते कारण इथे पैसे वाचवले जातात. लघवी झालेला डायपर तीन-चार तासांच्या वर राहू नये, आणि संडास झाली असेल तर लगेच. दिवसाला दोन डायपर लावणारं सेंटर असेल तर अंघोळीचं भांडण करण्यात अर्थच नाही, आधी हे. धुताना पुढून मागे, उलटं केलं की लघवीचं इन्फेक्शन. धुऊन टिपून कोरडं करायचं, चोळायचं नाही, मग झिंक ऑक्साइडवालं क्रीम किंवा साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. टाल्कम पावडर नको, ओलीत तिचे गोळे होऊन तेच कातडीला घासतात. आणि नुसत्या वाइप्सवर ठेवू नका, आपल्या लोकांना पाण्याने धुतल्याशिवाय स्वच्छ वाटत नाही, कितीतरी जण वाइप्सनंतर स्वतःचा हात तिथे नेतात आणि मग हाताला घाण लागली म्हणून त्यांनाच बोलणी बसतात. त्या बिचाऱ्या धुवायला गेलेल्या असतात.

आणि डायपर लावायच्या आधी कोणी विचारलं का की त्यांना खरंच लागतो का? बऱ्याच जणींना दर दोन-तीन तासांनी बाथरूमला नेलं तर दिवसा डायपर लागत नाही. नेणं हे मावशीचं काम वाढवतं म्हणून डायपर येतो, एवढं साधं कारण असतं.

तोंडाचं. कवळी असेल तर रात्री काढायची, ब्रशने घासायची, साध्या पाण्यात बुडवून ठेवायची. मी अशा कवळ्या बघितल्यात की ज्या महिनाभर तोंडातून निघालेल्या नाहीत, खाली हिरड्या लालभडक. दात असोत नसोत, हिरड्या आणि जीभ मऊ ब्रशने किंवा ओल्या गॉजने दोन वेळा साफ व्हायलाच हवी. याचा फुप्फुसाशी संबंध आहे, जपानमधल्या अकरा नर्सिंग होममध्ये दोन वर्षं बघितलं तर जिथे जेवणानंतर तोंड साफ केलं जात होतं तिथे न्यूमोनिया कमी झाला, २००२ साली छापून आलेला अभ्यास आहे. तोंडातले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत जातात, एवढं साधं आहे. माझ्या मते अंघोळ आणि तोंड यातलं एकच जमणार असेल अशा दिवशी तोंड करावं. जाता जाता, आई मिश्री लावायच्या का? विचारते कारण या वयाच्या बायकांचं ते घरचे सांगत नाहीत, सेंटरला आल्यावर ती एकदम बंद होते, तंबाखूच आहे ती, आणि चिडचिड सुरू होते. आणि तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असेल तर डॉक्टरांना दाखवायचीच.

केस. इथे मी जरा थांबते कारण ही चूक माझी स्वतःची आहे. साधारण दहा वर्षांपूर्वी एका मजल्यावर उवा झाल्या, मी सरसकट सगळ्यांचे केस बारीक करून घेतले, नातेवाइकांना फोन करून परवानगी घेतली, सगळे हो म्हणाले. त्यातल्या एक नव्वदीच्या बाई त्यानंतर पदर डोक्यावरून खाली घेईनात. पदर नसला तर टॉवेल, टॉवेल नसला तर उशीचा अभ्रा. जेवणाच्या हॉलला येणं बंद. महिन्याभराने त्यांचा मुलगा म्हणाला की आईच्या लहानपणी घरात एक विधवा आत्या होती, केशवपन केलेली, तिला सणावाराला बाहेर बसायची परवानगी नसायची. मी जे सोयीचा हेअरकट म्हणून केलं ते त्या बाईंनी काय म्हणून घेतलं असेल ते मला आजही बरोबर सांगता येत नाही. त्या परत जेवायला हॉलला आल्याच नाहीत, केस वाढायच्या आधीच गेल्या.

म्हणून परवानगी द्यायच्या आधी विचारा की केसांचा त्रास नक्की काय आहे. गुंता होतो? मग रोज तेलाचं बोट लावून सैल वेणी, पाच मिनिटांचं काम आहे, आणि वेणी घालून घ्यायला जवळजवळ सगळ्या बायकांना आवडतं, अंघोळीला नको म्हणणाऱ्यांनाही. तेच खरं तर अंघोळीच्या आधीचं पाऊल म्हणून वापरता येतं, आधी वेणी सोडून तेल, मग "तेल लावलंय तर आता पाणी घेऊया". उवा असतील तर औषध आणि फणी. कापायचेच असतील तर खांद्यापर्यंत, अंबाडा किंवा छोटी वेणी राहील इतके, आणि तुम्ही समोर असताना, त्यांना आरसा दाखवून, एकदम नाही.

गोळीबद्दल मी कडक आहे. अस्वस्थपणा, मारहाण यासाठी जी अँटिसायकोटिक गटातली (मुळात मानसिक आजारांवरची) औषधं देतात त्यांच्यावर अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २००५ साली ठळक इशारा छापायला लावला की डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, आधी नवीन औषधांवर आणि २००८ मध्ये जुन्यांवरही. याचा अर्थ ती कधीच द्यायची नाहीत असा नाही, माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला खरोखर इजा करतोय, बाकी सगळं करून झालंय, तर डॉक्टर कमी डोसमध्ये ठरावीक दिवसांसाठी देतात आणि मग परत बघतात. पण अंघोळ सोपी व्हावी म्हणून? गुंगीतल्या माणसाला ओल्या फरशीवर नेणं म्हणजे खुब्याचं हाड मोडून घेणं, आणि त्याच गुंगीत नाश्ता भरवला तर घास श्वासनलिकेत. झोपेच्या गोळीलाही हेच लागू. तुम्ही लेखी सांगा की कुठलंही असं औषध सुरू करण्याआधी डॉक्टर माझ्याशी बोलतील, कशासाठी, किती दिवस, आणि बंद कधी.

अंघोळीला एवढं महत्त्व का देते तेही सांगते. १९६३ साली कॅट्झ नावाच्या डॉक्टरने वृद्धांच्या रोजच्या सहा कामांची एक यादी केली, अंघोळ, कपडे, टॉयलेट, उठबस, लघवी-संडासवर ताबा आणि जेवण, ती अजून आम्ही वापरतो. त्यातलं साधारण सगळ्यात आधी सुटतं ते अंघोळीचं काम, आणि जेवणाचं सगळ्यात शेवटी. म्हणजे परक्या माणसाचा हात अंगाला लागायची सुरुवातच अंघोळीपासून होते. शिवाय पूर्ण अंग उजेडात बघायची तीच एक वेळ. माकडहाड, खुबे, टाचा, कोपर रोज बघायचे, तिथे लाली असेल आणि बोटाने दाबून सोडल्यावर ती जात नसेल तर बेडसोरची (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची) सुरुवात आहे, आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतही नाही, तेव्हा तिथे हात लावून गरम लागतं का, टणक लागतं का हे बघायचं. आणि त्या जागेवर तेल रगडायचं नाही. रात्री खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यात पुरळ असेल तर खरूज, ती एकाला झाली की सगळ्या खोलीला आणि मावशींनाही एकाच दिवशी औषध लावावं लागतं, नाहीतर महिनोन्महिने फिरत राहते. गेल्यावर हेही विचारा की मजल्यावर कोणाला खाज आहे का, कारण दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेली चिडचिड खाजेची पण असू शकते.

आता प्लॅन. तुम्ही लिहिलंय सेंटरकडे केअर प्लॅनची फाइल आहे, तुम्हाला दाखवली, आठ पानी इंग्रजी. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने नर्सिंग होमला प्रत्येक रहिवाशाचा लेखी प्लॅन करावाच लागतो, भरती झाल्यापासून १४ दिवसांत सगळी तपासणी आणि त्यानंतर ७ दिवसांत प्लॅन. त्याची नक्कल म्हणून आपल्याकडची मोठी सेंटर्स फाइल करतात, चांगलंच आहे, पण आपल्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात मुलांनी सांभाळायचं आणि प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम असावा असं आहे, अंघोळीचा प्लॅन कसा असावा हे त्यात शोधू नका. आणि फाइल ऑफिसच्या कपाटात, अंघोळ घालणारी मावशी बार्शीची किंवा नंदुरबारची, महिन्यापूर्वी ब्युरोतून आलेली. तिने ती आठ पानं बघितलेली नसतात. तिच्यापर्यंत जे पोचत नाही तो प्लॅन नाहीच.

म्हणून मी अर्धं पान करते. मराठीत, मोठ्या अक्षरात, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं, बाहेरून नाही, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचायचं ते नाही. तुमच्या आईंचं तुम्ही दिलेल्या माहितीवरून साधारण असं होईल, चुकीचं असेल ते खोडा:

"हाक 'बाई'. अंघोळ पहाटे साडेपाच ते सहा, चहाच्या आधी. तांब्या-बादली, शॉवर नाही. तांब्या हातात द्यायचा. अंगावर पंचा ठेवूनच. सुरुवात पायापासून. डोक्यावरून फक्त शुक्रवारी, आधी तेल. पुरुष केअरटेकर नको. एकटीने बोलायचं, हात मागून धरायचा नाही. नको म्हणाल्या तर वीस मिनिटांनी परत, तरीही नको तर पलंगावर पुसून, आणि तसं चार्टवर लिहायचं. तोंड सकाळी आणि रात्री. बाहेर आल्यावर लगेच चहा. लाली, फोड, खाज दिसली तर सिस्टरला त्याच दिवशी."

यातलं "आणि तसं चार्टवर लिहायचं" हे वाक्य मी मुद्दाम घालते. मावशीला अंघोळ झाली नाही असं लिहायची भीती वाटत असेल तर ती टिक करते, आणि टिक झाली की कोणालाच काही कळत नाही. तुम्ही नातेवाईक म्हणून एवढं बोललात की "नाही झाली तर नाही लिहा, मी भांडणार नाही", तर चार्ट खरा व्हायला लागतो. पंधरा दिवसांनी तो चार्ट बघा, कुठल्या दिवशी जमलं, ड्युटीला कोण होतं. बहुतेक वेळा एका मावशीच्या दिवशी सगळं सुरळीत असतं, मग ती काय करते ते बाकीच्यांना बघू द्यायचं. आणि जिला चावल्या तिच्याशी जाऊन बोला हो, तिला कोणी विचारलेलंही नसेल.

सेंटर बदलायचं का? आत्ता नको असं माझं मत, नवीन जागा म्हणजे नवीन बाथरूम, नवे चेहरे, सगळं परत शून्यापासून, आणि डिमेन्शियात ते फार महाग पडतं. हे अर्धं पान घेऊन त्यांच्या सिस्टर इनचार्जला भेटा, मालकाला नाही. महिना द्या. वेळ बदलायला तयार नाहीत, डायपरचा हिशोब देत नाहीत, तुम्ही न सांगता गेलात तर दारात तासभर बसवतात, किंवा न विचारता गोळी सुरू केली, यातलं काहीही झालं तर मात्र भाऊ म्हणतो ते बरोबर. नवीन ठिकाणी गेलात तर फरशी-फर्निचर बघू नका, सकाळी सहाच्या सुमारास बाथरूमच्या कॉरिडॉरमध्ये दहा मिनिटं उभं राहू द्या म्हणा.

दोन गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत त्या कळवा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या मजल्यावरची मावशी बदलली का, आणि आईंना बसून उठताना गुडघ्याला किंवा कमरेला हात जातो का.